तुम्ही विचारलंत म्हणून: एका सामन्याचा बर्ट शेपर्ड

रविवारी मी मैदानावर स्कोअर लिहायला बसतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर बर्ट शेपर्ड हे नाव आहे. ते पाहून मुलं हमखास विचारतात, "काका, बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये एकच सामना खेळलेल्या माणसाचं तुम्हाला एवढं काय?"

शेपर्ड अमेरिकेतल्या इंडियानाचा, डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. युद्धात पी-३८ हे लढाऊ विमान चालवायचा. २१ मे १९४४ला जर्मनीत त्याचं विमान पाडलं गेलं. लादिस्लाउस लोइडल या ऑस्ट्रियन डॉक्टरमुळे जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. युद्धकैद्यांच्या छावणीत एका कॅनेडियन कैद्याने त्याला कृत्रिम पाय बनवून दिला. १९४५च्या फेब्रुवारीत कैद्यांच्या अदलाबदलीत तो मायदेशी परतला आणि मोठ्या लीगमधल्या वॉशिंग्टन सेनेटर्सने त्याला संघात घेतलं.

डावखुरा पिचर फेकताना उजवा पाय पुढे टाकतो, आपल्या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजासारखाच. चेंडू सुटतो तेव्हा अंगाचा सगळा भार त्या पायावर येतो. शेपर्डचा नेमका तोच पाय नकली होता! मुलांना मी हे उभं राहून करून दाखवतो, तेव्हा कुठे ती गप्प होतात.

४ ऑगस्ट १९४५. समोर बोस्टन रेड सॉक्स. चौथ्या इनिंगमध्येच बोस्टनने १२ धावा लुटलेल्या, तिन्ही बेसवर धावायला टपलेले खेळाडू, दोघे बाद (तिसरा बाद झाला की इनिंग संपते). अशा वेळी त्याला बोलावलं. त्याने जॉर्ज मेटकोविचला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं आणि पुढच्या पाचही इनिंग स्वतः टाकल्या. संघ १५-४ असा हरला.

दयेपोटी मिळालेली संधी, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी नोंद दाखवतो: ५ १/३ इनिंग (एक बाद म्हणजे १/३), फलंदाजांना फक्त ३ हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, आणि १ धाव. ही दया कुणी केली? बोस्टनच्या फलंदाजांनी?

मोठ्या लीगमध्ये पुन्हा त्याला चेंडू मिळाला नाही. सेनेटर्स जेतेपदाच्या शर्यतीत होते, पहिल्या आलेल्या डेट्रॉइटच्या संघापेक्षा दीड सामन्यानेच मागे राहिले. मग युद्धावर गेलेले खेळाडूही परतले. कारणं मला कळतात. तरी आणखी एकदा त्याला उभं करायलाच हवं होतं.

लोइडल त्याला पुन्हा भेटले ते १९९३मध्ये. शेपर्ड तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता.