जेट स्कीवरच्या ड्रायव्हरकडं बघा

सध्या आमच्या पोहायच्या टँकवर येणाऱ्या पोरांच्या मोबाईलमध्ये एकच चाललंय, नाझारेच्या लाटा. पोर्तुगालमधलं गाव आहे ते, तिथं किनाऱ्याजवळच समुद्राच्या तळाला खोल दरी आहे आणि तिच्यामुळं लाट अशी काही उभी राहते की काठावरचं दीपगृह बुटकं दिसतं. २०११ ला गॅरेट मॅकनमारा तिथं ७८ फुटांच्या लाटेवरून उतरला, २०२० ला सेबास्टियन श्टॉयटनर ८६ फुटांच्या, आणि पोरं ते पुन्हा पुन्हा लावून बघायलेत अन् मला विचारायलेत, "सर, आपल्याला हे विष्णुपुरीत नाही का जमणार?" अरे बाबांनो, विष्णुपुरीच्या धरणात लाटच नाही तर जमायचं काय. पण मी नांदेडात पोहायला शिकवतो, पोरांना पाण्यात उतरवायचं आणि परत काढायचं हेच माझं काम, त्यामुळं त्या व्हिडिओत माझी नजर बोर्डवर उभं राहून लाटेवरून उतरणाऱ्या सर्फरकडं न जाता आपोआप त्याला ओढणारी जेट स्की, म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल, चालवणाऱ्याकडं जाते. त्याच्याबद्दल कुणीच काही लिहीत नाही म्हणून आज लिहायलोय.

आधी हे समजून घ्या की जेट स्की लागतेच कामून. मोठी लाट एवढ्या वेगात येते की हातानं पाणी मारून तिचा वेग गाठताच येत नाही, म्हणून ९० च्या दशकात हवाईत लेयर्ड हॅमिल्टन आणि त्याच्या दोस्तांनी आधी रबरी मोटारबोटीनं आणि मग जेट स्कीनं एकमेकांना ओढत लाटेवर सोडायला सुरुवात केली. बोर्ड छोटा आणि जड, पाय पट्ट्यात अडकवलेले, हातात दोरीची मूठ. ती दोरी सर्फरच्या अंगाला कधीच बांधायची नाही, फक्त हातात धरायची, सोडली की सुटली पाहिजे. हा पहिला नियम, आणि दोरी सुटल्यावर बघणाऱ्याला वाटतं ड्रायव्हरचं काम संपलं, तर त्याचं खरं काम तिथून पुढं सुरू होतं.

तो लाटेच्या खांद्याला, म्हणजे अजून न फुटलेल्या कडेला, धरून मागं मागं जात राहतो, आपला माणूस कुठं आहे ते नजरेतून सुटू देत नाही. सर्फर पडला तर मोठ्या समुद्रात पुढची लाट पंधरा-वीस सेकंदात येते, म्हणजे त्याला शोधायचं, जवळ जायचं, उचलायचं आणि बाहेर पडायचं हे सगळं तेवढ्यात. सर्फर वर आला की हात उंच करतो, ड्रायव्हर त्याला आपल्या डाव्या बाजूला घेतो, कारण थ्रॉटल, म्हणजे वेग द्यायचा खटका, उजव्या हातात असतो आणि डावा हात मोकळा राहतो. मागं रेस्क्यू स्लेड बांधलेली असते, कडेला मुठी असलेली एक जाड गादीच समजा, तिच्यावर सर्फरनं झोकून द्यायचं आणि मुठी घट्ट धरायच्या, वर बसायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि वेळ पुरत नाही असं दिसलं तर ड्रायव्हरनं त्याला तसंच सोडून निघून जायचं, लाट जाऊ द्यायची आणि परत यायचं. ऐकायला निर्दयी वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, पण ड्रायव्हरच लाटेखाली गेला तर मग दोघांना काढायला कोण येणार? म्हणूनच नीट काम करणाऱ्या टीम दुसरी जेट स्की बाहेर उभी ठेवतात.

आता मशीनचं सांगतो, कारण इथं लय जणांची समजूत चुकीची आहे. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो, खालच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, आत फिरणारा पंखा, म्हणजे इम्पेलर, ते मागं जोरात फेकतो आणि त्याच फवाऱ्याची दिशा बदलून गाडी वळते. म्हणजे थ्रॉटल सोडला की फवारा बंद, फवारा बंद की वळणं बंद, मग तुम्ही हँडल कितीबी फिरवा ती उतारावर बैल सुटलेल्या गाडीसारखी सरळच जाते. समोर माणूस दिसला की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि मग वळवायला बघतो, आणि धडक तिथंच होते. त्या खालच्या जाळीजवळ सैल दोरी गेली तर ती पण आत ओढली जाते आणि इंजिन जागेवर जाम, म्हणून दोरी कायम ताणलेली नाहीतर नीट गुंडाळलेली ठेवायची. आणि लाट फुटल्यावर जो पांढरा फेस होतो त्यात अर्धी हवाच असते, पंपाला ओढायला पाणीच मिळत नाही, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, म्हणून फेसात शिरायचं ते विचार करूनच.

हे सगळं पाळून पण माणसं मरतात. २०१३ ला नाझारेतच ब्राझीलची माया गबेरा पडली, पायाचं हाड मोडलं, शुद्ध हरपली, तिचा ड्रायव्हर कार्लोस बर्ली जेट स्की सोडून पाण्यात उतरला आणि तिला ओढत काठावर आणलं, तिथं छाती दाबून सीपीआर दिला, म्हणून ती वाचली. नंतर २०२० ला तिनं तिथंच ७३.५ फुटांची लाट घेतली, हे सगळ्यांना पाठ आहे, बर्लीचं नाव विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. आणि २०२३ च्या जानेवारीत तिथंच मार्सिओ फ्रेरे गेला, कितीतरी वर्षांचा मोठ्या लाटांचा माणूस होता तो. म्हणून तिकडं हे वाऱ्यावर सोडलेलं नाही, हवाईत टो-इनसाठी, म्हणजे असं दोरीनं ओढून लाटेवर सोडायला, कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, कॅलिफोर्नियात मॅव्हरिक्स या मोठ्या लाटांच्या जागी तर जेट स्की फक्त डिसेंबर ते फेब्रुवारीत आणि तेही मोठ्या लाटांचा इशारा लागू असेल तेव्हाच नेता येते. हातानं पाणी मारत येणाऱ्या सर्फरांचा हक्क पहिला, त्यांच्या मधून दोरी ओढत न्यायची नाही, हा तर सगळीकडचा शिरस्ता.

आपल्याकडं मराठवाड्यात समुद्र नाही हे खरं, पण दिवाळीच्या सुट्टीत नांदेड, लातूर, परभणीच्या गाड्या भरभरून मालवण, तारकर्ली, अलिबाग, गोव्याला जातात आणि तिथं पहिलं काय तर जेट स्की. मागच्या वेळी एका किनाऱ्यावर मी बघितलं, लाल रंगाची ती गुंडाळीची दोरी, जिला लॅनयार्ड म्हणतात, तिची क्लिप स्विचमध्ये खुपसून ठेवलेली आणि दुसरं टोक हँडललाच वायरनं करकचून बांधलेलं. ती दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला पाहिजे, म्हणजे तो पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. हँडलला बांधली म्हणजे माणूस पाण्यात आणि मशीन आपलं चालूच. मी विचारलं तर तिथला पोरगा म्हणतो, "काका, गिऱ्हाईक हरवतंय ना क्लिप." त्याच्यावर काय राग धरायचा, मालकानं सांगितलं तसं तो करतो, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, कारण पाण्यात तिथंच दुसऱ्यांची लेकरं खेळत होती.

तर तुम्ही जाणार असाल तर पैसे द्यायच्या आधी क्लिप ओढून दाखवायला सांगा, इंजिन बंद पडलं तरच बसा. जॅकेटचे सगळे बकल लावून खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला लावा, कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. बायकांनी आणि पोरींनी तर पातळ कपड्यावर मागं बसूच नका, मागं पडलं तर फवाऱ्याचा जोर शरीराच्या आत जाऊन भयंकर इजा होते, त्यासाठी वेटसूटची जाड रबरी चड्डी असते, ती मागायला लाजू नका, पुरुषांना पण हेच लागू आहे. आणि पैठणच्या नाथसागरात कुणी जेट स्की आणायची स्वप्नं बघत असेल तर ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्या पाण्यावर फ्लेमिंगो उतरतात, तिथं हे नकोच.

गोदावरीत आपल्याकडं दरवर्षी पोरं बुडतात, आणि एकाला काढायला उडी मारलेला दुसरा पण बुडाला अशी बातमी वाचली की माझ्या पोटात कालवतं. म्हणून या उन्हाळ्यापासून टँकवर रविवारी सकाळी दोरी फेकायची प्रॅक्टिस घेतोय, जाड नायलॉनची दोरी, टोकाला बांधलेली पाच लिटरची रिकामी कॅन, आणि समोर पाण्यात हात हलवणारा आपलाच एक पोरगा. कॅन त्याच्या डोक्यावर मारायची नाही, त्याच्या मागं टाकायची आणि मग ओढत त्याच्या हातात आणायची, जमायला थोडा वेळ लागतो. पोहता येत नसलं तरी या, फेकायची ती काठावरूनच असते.