आमची वाटचाल : परगावच्या मालकांची घरे आणि रात्री नऊचे दिवे

२००९ साली कोथरूडमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत मी आणि माझ्या कॉलेजमित्राने हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा पुण्यात दलालांची वाण नव्हती. पण ज्याचे घर पुण्यात आणि पोट परगावी, अशा मालकाच्या वतीने भाडेकरू शोधणे, करार नोंदवणे, गळणारा नळ दुरुस्त करून घेणे आणि महिन्याच्या महिन्याला हिशेब पाठवणे, हे काम नेमाने करणारे फारसे कोणी नव्हते. पहिल्या वर्षी आमच्याकडे सहा चाव्या होत्या.

सातवी चावी मस्कतच्या काकांची. नगर जिल्ह्यातले हे गृहस्थ ओमानमध्ये अभियंता होते आणि पुण्यात भाड्याने देण्यासाठी आयुष्यातले पहिले घर घेणार होते. वाघोलीत ऐसपैस टू बीएचके घ्यावे की तेवढ्याच पैशांत पिंपळे सौदागरला लहान वन बीएचके, असा त्यांना प्रश्न पडला होता. फोनवर ते म्हणाले, ‘‘घर कोणते ते मागाहून सांगा. त्या घरात राहायला कोण येणार आहे, तेवढे आधी सांगा.’’ आमच्या धंद्याची सगळी रीत या एका वाक्यातून निघाली.

त्या आठवड्यात आम्ही दोघे एक लांबट वही आणि बॅटरी घेऊन दोन्ही भागांत फिरलो. सकाळी सात ते दहा या वेळेत पाण्याचे किती टँकर आत येतात ते मोजले. इस्त्रीवाल्याला आणि डबे देणाऱ्या मावशींना विचारले, की माणसे इथे टिकतात की वर्षभरात उठून जातात. रात्री नऊ वाजता इमारतीसमोर उभे राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या. वाघोलीच्या त्या इमारतीत ६६ घरांपैकी १४ घरांत दिवे होते. पिंपळे सौदागरला ४० पैकी ३३. जिथे घरे विकली गेली आहेत पण दिवे लागत नाहीत, तिथे मालक पुष्कळ आणि भाडेकरू थोडे असतात, आणि परगावी राहणाऱ्या मालकाने अशा ठिकाणी पैसा अडकवू नये, हे मत मी आजही बदललेले नाही. काकांनी वन बीएचके घेतले.

नकाशावर अंतर मोजणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. आयटी कंपन्यांच्या हिंजवडीला नोकरी करणारा माणूस सकाळी नऊ वाजता भूमकर चौकात किती वेळ अडकतो, यावर त्याचे घर ठरते. भाव पाहण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा सरकारी दाखला, पाहावे, बिनकुटुंबाचे भाडेकरू सोसायटीला चालतात का हे सचिवांना विचारावे, आणि स्वतः न राहणाऱ्या मालकाकडून सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच नाभोगवटा शुल्क घेता येते, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतरची काही वर्षे नीट गेली. भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी आल्यावर आम्ही लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र घेतले. ते पहिले यंत्र मी अजून जपून ठेवले आहे. वयस्क मालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असत. मग ओल्या रुमालाने अंगठा पुसून, किंचित खोबरेल लावून, पुन्हा कोरडा करून ठसा घ्यायचा. हे यंत्र घेऊन मी अमरावती आणि लातूरच्या फेऱ्या केल्या आहेत, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि साध्या नोटरीवर भागवणारा मालक उद्या वाद झाला तर उघडा पडतो.

२०१६ मध्ये बाणेर रस्त्यावर एका कंपनीचे काचेचे कार्यालय उघडले. शहराच्या पार बाहेरचे प्रकल्प, आणि त्यांवर ‘तीन वर्षे हमखास भाडे’ अशी जाहिरात. हिशेब सोपा होता : घराची किंमत चढी लावायची आणि तोच वरचा पैसा ३६ हप्त्यांत भाडे म्हणून मालकाला परत द्यायचा. मी एकेका मालकाला फोन करून हे समजावले, तेव्हा बऱ्याच जणांना त्यात माझा मत्सर दिसला. पुढच्या वर्षी माझा भागीदार त्या कंपनीत गेला आणि आमची मालकांची वही सोबत घेऊन गेला. ५८ मालकांपैकी ३१ जण गेले. ती वही आम्ही दोघांनी पायी फिरून भरली होती, त्यामुळे ते दुःख माझ्या मनातून आजही गेलेले नाही.

तीन वर्षे भरल्यावर अमरावतीचे एक शिक्षक दांपत्य माझ्याकडे आले. भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून त्यांनी त्या कंपनीच्या प्रकल्पात घर घेतले होते आणि महिन्यापासून भाडे थांबले होते. मी त्यांच्यासोबत गेलो आणि दार उघडले. स्विचबोर्डांवरचे प्लास्टिक तसेच होते, सिंकला कंपनीचा कागद चिकटलेला होता, न्हाणीघरातल्या जाळीवर पाण्याचा एक डाग नव्हता. तीन वर्षे भाडे मिळालेल्या त्या घरात कधी कोणी राहिलेच नव्हते. बाई बराच वेळ ओट्यावरून हात फिरवत राहिल्या. त्याच महिन्यात त्या प्रकल्पातल्या सगळ्यांचीच हमी संपली होती, म्हणजे सगळे मालक एकदमच भाडेकरू शोधत होते. ते घर लावायला मला आठ महिने लागले, तेही त्यांच्या अपेक्षेच्या निम्म्या भाड्याने.

या पडझडीतून आम्ही सावरत होतो तोच मार्च २०२० उजाडला. हिंजवडी-वाकड आणि खराडीत भाड्याने राहणारी आयटीतली मुले गावी गेली ती परतलीच नाहीत. व्हिडिओ कॉलवर त्यांचे सामान दाखवून आम्ही ते खोक्यांत भरून पाठवले. ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या ४४ घरांपैकी १९ रिकामी होती आणि कार्यालयात काम करणाऱ्या दोन मुलांचे पगार मी पत्नीच्या ठेवीतून केले. जिथे एकाच धंद्याचे भाडेकरू होते ते भाग ओस पडले. चिंचवड आणि भोसरीकडची, कारखान्यांच्या आणि दवाखान्यांच्या आधाराने चालणारी आमची साधी घरे मात्र भरलेली राहिली. तेव्हापासून पहिले घर घेणाऱ्याला मी विचारतो, की या भागातली एक मोठी कंपनी उठून गेली तर तुमच्या घरात कोण राहील?

त्या वर्षी मस्कतच्या काकांनी आपल्या भाडेकरूचे भाडे स्वतःहून निम्मे केले, आणि आमचे सहा महिन्यांचे शुल्क न मागता आगाऊ पाठवले. सोबत एवढेच लिहिले होते : ‘‘कार्यालय बंद करू नका.’’ (परदेशस्थ मालकांनी लक्षात घ्यावे, की अनिवासी मालकाच्या भाड्यातून करकपात करण्याचे काम भाडेकरूचे असते, काकांचा भाडेकरू ते दर महिन्याला नेमाने करत असे.)

आता काका कायमचे परतले आहेत. मुलगी कॅनडात असते; तिच्यासाठी मोशीत घर पाहायचे म्हणून गेल्या महिन्यात ते कार्यालयात आले. रात्री नऊ वाजता आम्ही दोघे रस्त्यापलीकडे उभे राहिलो. त्यांनी मजल्यामागून मजला बोट नेत खिडक्या मोजल्या आणि मी नवीन वहीत लिहिले : ८८ पैकी ६१. ते म्हणाले, ‘‘उद्या सकाळी सातला येऊ. टँकर पाहायचे राहिले.’’