पावतीवरचे वजन : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात एका जुन्या दागिन्याच्या मोडीपासून झाली. २०१३ साली घरच्या अडचणीपायी सासूबाईंनी आपला कोल्हापुरी साज मोडायला काढला, तेव्हा मी त्यांच्यासोबत गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गेले होते. लग्नात चार तोळ्यांचा म्हणून अंगावर घातलेला तो साज आटवल्यावर आतली लाख जळून गेली आणि तीन तोळ्यांहूनही कमी सोने उरले. साजाची पाने पातळ पत्र्याची, ठशावर ठोकून उठवलेली असतात आणि ती चेपू नयेत म्हणून त्यांच्या पोटात लाख भरावीच लागते. त्यामुळे लाख असण्यात काही गैर नव्हते. गैर एवढेच होते की ती लाख सोन्याच्या भावाने तोलली गेली होती आणि जुन्या पावतीवर तिचा उल्लेखही नव्हता. घरी येईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१४ साली, आम्ही चांदीचे पारंपरिक दागिने हाताने घडवून त्यांवर सोन्याचा मुलामा देण्याचे काम सुरू केले. चांदी तेव्हा किलोला ४० ते ४५ हजारांच्या आसपास होती आणि आमच्यासारख्यांना ती झेपणारी होती. भाड्याची एक खोली, दोन कारागीर आणि एक तराजू एवढेच भांडवल होते. पहिल्या दिवसापासून पावतीवर चार रकाने ठेवले : एकूण वजन, निव्वळ चांदी, लाख व रेशीम, खडे व मोती. आमच्या पहिल्या साजाचे एकूण वजन ४२ ग्रॅम भरले आणि त्यात निव्वळ चांदी ३१ ग्रॅम होती. ती पावती पाहून ग्राहक ताईंनी विचारले, "म्हणजे अकरा ग्रॅम नुसती लाखच का?" त्या दिवशी साज विकला गेला नाही. सुरुवातीची दोन वर्षे असे अनेकदा घडले, कारण शेजारच्या दुकानात तेवढ्याच वजनाच्या पावतीवर एकच आकडा असे आणि तो डोळ्यांना अधिक बरा दिसे.

ज्यांच्या हातांवर हा व्यवसाय उभा आहे, त्या कारागिरांविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आमचे ज्येष्ठ कारागीर चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीचे आहेत. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. पोकळ मणी करताना ते चांदीच्या पातळ पत्र्यातून लहान लहान वाट्या उठवतात, दोन वाट्यांच्या कडा जुळवून त्यांवर टाकणखार लावतात, डाकेचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, कण ठेवतात आणि ज्योत फिरवतात. डाक वितळून सांध्यातून चमकत धावली की त्याच क्षणी ज्योत बाजूला घ्यावी लागते. डोळ्याचे पाते लवेपर्यंत उशीर झाला, तर मणी वितळून खचतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ठुशीत असे मणी शेकड्यांनी लागतात. पूर्वी या कामाची मजुरी आम्ही वजनावर देत होतो आणि ती माझी चूक होती. वजनावर मजुरी दिली की जाड पत्रा आणि जास्त डाक वापरणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि हलके, सुबक काम करणाऱ्याचे नुकसान होते. २०१६ पासून आम्ही नगावर मजुरी देतो. त्याच सुमारास कॅडमियम असलेली डाक वापरणे बंद केले. ती सहज वाहते आणि स्वस्तही पडते, पण तिचा धूर फुप्फुसांना घातक असतो आणि ज्योतीवर वाकलेला माणूस तो धूर दिवसभर छातीत घेत असतो. मामांना तेव्हाच खोकल्याचा त्रास होता, त्यामुळे या निर्णयासाठी मला हिशेब मांडावा लागला नाही.

डाकेमुळेच शुद्धतेचा प्रश्नही समोर आला. पत्रा आम्ही ९२५ चा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेला, घेत होतो आणि दागिनाही ९२५ चा म्हणूनच विकत होतो. २०१८ साली एक ठुशी मुद्दाम आटवून तपासून घेतली, तेव्हा आकडा ९०० च्याही खाली आला. कारण उघड होते : डाकेत इतर धातू अधिक असतात आणि शेकडो सांधे असलेल्या दागिन्यात डाकही तेवढीच जाते. पत्रा खरा होता, पण आमचे म्हणणे खरे नव्हते. चांदीसाठी ९२५ च्या खाली तेव्हा ९००, ८३५ आणि ८०० अशा प्रमाणित श्रेणी होत्या. त्या महिन्यापासून आम्ही ठुशीच्या पावतीवर ८३५ लिहू लागलो आणि त्याच हिशेबाने किंमत कमी केली. आधीच्या ग्राहकांनाही फोन करून फरकाची रक्कम परत देऊ केली. काहींनी ती घेतली, काहींनी त्यात थोडी भर घालून बुगड्या नेल्या.

मोत्यांच्या बाबतीतही आम्ही तसेच केले. बाजारात "बसरा मोती", म्हणजे आखाती समुद्रातले नैसर्गिक मोती, या नावाने मिळणारे बहुतेक मोती गोड्या पाण्यात संवर्धित केलेले असतात. आमच्या नथींच्या पावतीवर तसेच लिहिलेले असते आणि लाल खडा काचेचा असेल तर काच असेच लिहिलेले असते.

सर्वांत कठीण काळ २०२२ च्या गौरी-गणपतीनंतर आला. नाशिकच्या एका ग्राहक ताईंचा फोन आला की, ठुशी घातल्यापासून गळ्यावर लाल चट्टे उठून खाज सुटली आहे. घामामुळे झाले असेल, असे उत्तर मी दिले. ते उत्तर आजही मला बोचते. आठवडाभरात दुसरा फोन आला, तेव्हा दागिना परत मागवून तपासला आणि मुलाम्याखाली निकेलचा थर असल्याचे कळले. चकाकी यावी म्हणून बाहेर मुलामा देणाऱ्याने तो दिला होता. निकेल अनेकांच्या त्वचेला सोसत नाही, हे मला ठाऊक होते. पण मुलाम्याखाली काय आहे, हे मी कधी विचारलेच नव्हते, म्हणून दोष आमचाच होता. त्या खेपेतील ३७ दागिन्यांची नोंद वहीत होती. प्रत्येक ग्राहकाला कळवले. ३१ दागिने परत आले आणि त्यांचे पूर्ण पैसे दिले. नाशिकच्या ताईंची मी फोनवर क्षमा मागितली आणि त्यांच्या डॉक्टरांचा खर्चही आम्ही उचलला. त्या दिवाळीत कारागिरांचा बोनस देण्यासाठी मला स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. तेव्हापासून मुलामा निकेलविरहित असल्याचे लेखी घेतो आणि प्रत्येक खेपेतील एक नग तपासून मगच माल बाहेर काढतो.

२०२५ साली चांदीने किलोला एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि दिवाळीच्या सुमारास ती दीड लाखाच्याही पुढे गेली. लग्नसराईसाठी आगाऊ रक्कम देऊन ठेवलेल्या ६४ ग्राहकांच्या मागण्या आमच्याकडे जुन्या भावाने नोंदलेल्या होत्या. त्यांपैकी कोणाकडूनही वाढीव पैसे घेतले नाहीत. या निर्णयावर घरात दोन रात्री चर्चा झाली, कारण नुकसान मोठे होते. परंतु आमच्याच अक्षरात लिहून दिलेली किंमत आम्हीच खोडावी, हे कोणालाच पटले नाही. नव्या मागण्यांसाठी मात्र पैसे भरल्याच्या दिवसाचा भाव पावतीवर लिहितो आणि ग्राहकाला तो आधी वाचून दाखवतो.

विक्रीनंतरचे काम पाहणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण आमचा निम्मा दिवस त्यातच जातो. नथ मागणाऱ्या प्रत्येकीला आम्ही आधी विचारतो की नाक टोचलेले आहे की दाबाची नथ हवी, कारण दाबाची नथ फार घट्ट झाली तर मंगलाष्टके संपेपर्यंत नाक दुखून येते. साज कमी पानांचा हवा असेल तर तसा करून देतो. मात्र परंपरेप्रमाणे पूर्ण साज २१ पानांचा, म्हणजे १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, माणिक व पाचूचे एकेक आणि एक ताईत, हे सांगून पानांची संख्या पावतीवर घालतो. आमच्याकडचा कोणताही दागिना आम्ही कितीही वर्षांनी विनामूल्य गाठवून देतो. परत घ्यायची वेळ आली, तर पावतीवरील निव्वळ चांदीचे पैसे त्या दिवसाच्या भावाने देतो.

सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवरही हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक घेण्याची ऐच्छिक सोय झाली आहे. पैंजण आणि कड्यांसाठी आम्ही ती स्वीकारली. ठुशीचा आकडा वाढावा म्हणून मामा कमी डाकेत सांधा जमवण्याच्या खटपटीत आहेत. गेल्या महिन्यात तीन ठुशा आटवून तपासल्या. एक ९०० च्या वर आली, दोन आल्या नाहीत. पावतीवर सध्या ८३५ हाच आकडा आहे.