निक्स स्टोअर भरलं की आधी रूट शोधा, मग पुसा

अंधेरी एमआयडीसी असो की लोअर परळ, मुंबईतल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत डेव्हलपरच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी असते. त्यावर निक्स (सॉफ्टवेअर पॅकेज बिल्ड करणारं आणि बसवणारं साधन) टाकलं, चार-पाच क्लायंटची कामं सुरू झाली, की /निक्स/स्टोअर, म्हणजे निक्स सगळी पॅकेजं ठेवतं ते फोल्डर, फुगत जातं. मग कोणीतरी निक्स-कलेक्ट-गार्बेज (न लागणारं पुसणारी आज्ञा; ही सफाई म्हणजेच पुढे ‘जीसी’) चालवतं, ते थोडेसे एमबी मोकळे केल्याचं सांगतं आणि डिस्क होती तशीच भरलेली राहते. कलेक्टरमध्ये काही बिघाड नसतो. स्टोअरमधले जे पाथ (तिथली एकेक फाइल किंवा फोल्डर) कुणीतरी धरून ठेवले आहेत, ते तो पुसत नाही. असं धरून ठेवणाऱ्याला रूट म्हणतात. म्हणून स्टोअर सांभाळताना खरा वेळ पुसण्यात नाही, कोणी काय धरलंय ते शोधण्यात घालवायला हवा. (खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.)

निक्सची सुरुवात २००३ साली नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी केली. स्टोअरमधल्या प्रत्येक पाथच्या नावात आधी ३२ अक्षरी हॅश (त्या पाथचा खास सांकेतिक कोड) असतो, मग पॅकेजचं नाव आणि आवृत्ती. हा हॅश नुसती खूण नाही, अवलंबित्वाचा सगळा हिशोब त्यावरच चालतो. बिल्ड संपली की निक्स तयार झालेल्या फाइलींमधला प्रत्येक बाइट वाचतं आणि इतर पाथचे हॅश त्यात सापडतात का ते बघतं. सापडला, की तो संदर्भ डेटाबेसमध्ये नोंदला जातो. डेटाबेस म्हणजे /निक्स/व्हार/निक्स/डीबी इथली एक साधी एसक्यूलाइट फाइल.

यातून एक गंमतशीर पण महागडी गोष्ट घडते. प्रोग्रॅमच्या बायनरीत कंपायलरचा पाथ नुसता मजकूर म्हणून राहिला, तरी निक्सच्या लेखी तो प्रोग्रॅम कंपायलरवर अवलंबून आहे. मग ४० एमबीच्या सर्व्हिससोबत शेकडो एमबीचं जीसीसी, म्हणजे तो कंपायलर, प्रत्येक सर्व्हरवर जातं. हे पकडायला आधी ‘निक्स पाथ-इन्फो -आरएसएच’ चालवा, म्हणजे क्लोजरमधल्या (तुमचा पाथ आणि तो ज्यांवर अवलंबून आहे ते सगळे) प्रत्येक पाथचं आकारमान दिसतं. यात छोटा एस दिला तर त्या पाथचा स्वतःचा आकार, मोठा एस दिला तर त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट. अनपेक्षितपणे मोठा पाथ दिसला, की ‘निक्स व्हाय-डिपेंड्स’ला दोन पाथ द्या: आधी तुमचा, मग तो नको असलेला. --प्रिसाइझ जोडलं तर नेमक्या कोणत्या फाइलीत हॅश सापडला तेही कळतं. नव्या धाटणीच्या या आज्ञांसाठी कॉन्फिगरेशनमध्ये निक्स-कमांड हे प्रायोगिक फीचर चालू असावं लागतं.

आता रूटकडे. /निक्स/व्हार/निक्स/जीसीरूट्स या फोल्डरमधून जिथे जिथे पोचता येतं ते सगळं जिवंत, बाकीचं मृत. यात प्रोफाइलच्या (बसवलेल्या पॅकेजांच्या संचाच्या) जुन्या जनरेशन, म्हणजे आधीच्या अवस्था, येतात, सध्या चालू असलेल्या प्रोसेस येतात (लिनक्सवर निक्स /प्रॉक चाळून त्या शोधतं), आणि सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या ‘रिझल्ट’ नावाच्या सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) येतात. ज्या फोल्डरमधून निक्स-बिल्ड चालवलं तिथे रिझल्ट तयार होतं आणि जीसीरूट्सच्या ऑटो फोल्डरमध्ये त्याची नोंद पडते. वर्षापूर्वी संपलेल्या कामाच्या फोल्डरमध्ये ही एक सिमलिंक पडून असली, तरी त्या काळचं आख्खं क्लोजर डिस्कवर टिकून राहतं. निक्स-डायरेन्व (फोल्डरमध्ये शिरताच प्रोजेक्टची साधनं लावून देणारं) वापरणाऱ्यांच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये .डायरेन्व फोल्डर असतं, तिथेही असेच रूट असतात. सतत क्लायंट बदलणाऱ्या ऑफिसात जागा बहुतेक इथेच गेलेली असते.

पाहायचं असं: ‘निक्स-स्टोअर --जीसी --प्रिंट-रूट्स’. यादी लांब येते, त्यातल्या /प्रॉकच्या ओळी ग्रेपने वगळा. सुडोशिवाय चालवलंत तर काही ओळींत नावाऐवजी ‘सेन्सर्ड’ दिसू शकतं, म्हणून सुडो लावलेलं बरं. उलट बाजूनेही विचारता येतं. एखादा विशिष्ट पाथ का जात नाही हे हवं असेल तर ‘निक्स-स्टोअर --क्वेरी --रूट्स’ आणि पुढे तो पाथ. उत्तरात आलेली सिमलिंक नको असेल तर साध्या आरएमने काढा. ऑटोमधली नोंद वेगळी पुसायची गरज नाही, तिचं टोक तुटलेलं दिसलं की पुढच्या जीसीत ती आपोआप जाते. पण याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. प्रोजेक्टचं फोल्डर नुसतं दुसरीकडे हलवलं तरी टोक तुटतंच, आणि जे जपायचं होतं ते पुढच्या सफाईत जातं. फक्त चाचणीपुरती बिल्ड करायची असेल तर --नो-आउट-लिंक द्या, म्हणजे रूट तयारच होत नाही.

रूट मोकळे केल्यावर मग जुन्या जनरेशन. ‘निक्स-कलेक्ट-गार्बेज --डिलीट-ओल्डर-दॅन ३०डी’ हा रोजच्या वापरातला पर्याय. नुसतं -डी दिलं तर सध्याची सोडून सगळ्या जनरेशन जातात, म्हणजे मागे फिरायची वाट बंद. हे स्वतःच्या नावाने आणि सुडोने असं दोन्हीकडून चालवावं लागतं, कारण तुमची प्रोफाइल आणि सिस्टमची प्रोफाइल वेगळी आहे. निक्सओएसवर (निक्सवर उभारलेल्या लिनक्सवर) आणखी दोन गोष्टी अडतात. एक, /रन/बूटेड-सिस्टम हाही रूट आहे, त्यामुळे ज्या कर्नलवर मशीन सुरू झालं तो रीस्टार्ट होईपर्यंत जाणार नाही. दोन, जनरेशन काढल्या तरी /बूटमधले जुने कर्नल आणि मेनूतल्या नोंदी तशाच राहतात. निक्सओएस-रीबिल्ड बूट किंवा स्विच चालवल्यावरच त्या साफ होतात. /बूट पार्टिशन छोटं असेल तर अपडेट मध्येच फसण्याचं कारण हेच.

डेव्हलपरच्या मशीनवर कीप-आउटपुट्स हे सेटिंग ट्रू ठेवावं असं माझं ठाम मत आहे. मुळात ते फॉल्स असतं, आणि मग प्रत्येक सफाईत कंपायलर व बिल्डपुरती लागणारी साधनं जातात. दुसऱ्या दिवशी ती परत डाउनलोड. चार जीबी वाचवायला रोज तेवढंच नेट खर्च करणं हा शहाणपणा नाही.

डिस्क शंभर टक्के भरल्यावर लोक घाबरून स्टोअरमध्ये थेट आरएम -आरएफ करतात. हे कधीही करू नका. फाइली जातात पण डेटाबेसला वाटतं त्या आहेत, त्यामुळे निक्स त्या परत आणत नाही आणि पुढच्या बिल्ड ‘अशी फाइल नाही’ म्हणून पडत राहतात. निक्सने अशा वेळेसाठीच डीबी फोल्डरमध्ये ‘रिझर्व्ड’ नावाची ८ एमबीची फाइल धरून ठेवलेली असते. जीसी सुरू होताना ती सोडली जाते, म्हणजे एसक्यूलाइटला लिहायला जागा मिळते. तेव्हा नेहमीचं जीसी चालवा, ते चालेल. एकच पाथ काढायचा असेल तर ‘निक्स-स्टोअर --डिलीट’ आहे, आणि पाथ जिवंत असेल तर ते नकार देतं. तो नकार ऐकायचा असतो.

एक वेगळी अडचण: डीएफ भरपूर जागा दाखवतं आणि तरी ‘जागा नाही’ असा संदेश येतो. डीएफ -आय करून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी फाइल सिस्टममधली नोंद) बघा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टममध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण १६ केबीमागे एक. स्टोअरमध्ये लाखो बारीक फाइली असतात, त्यामुळे जागेआधी आयनोड संपू शकतात. इथे ‘निक्स-स्टोअर --ऑप्टिमाइज’चा (टाइप करताना ब्रिटिश स्पेलिंग, झेड नाही) दुहेरी फायदा होतो. एकसारख्या फाइली .लिंक्स फोल्डरमार्फत हार्डलिंकने (फाइल एकच, नावं अनेक) जोडल्या जातात, जागाही वाचते आणि आयनोडही. निक्सचं मॅन्युअल २५ ते ३५ टक्के बचत सांगतं. जीसी झाल्यावरच हे चालवा, जे पुसायचंय त्याचीच जुळवाजुळव करण्यात अर्थ नाही.

लॅपटॉप बटण दाबून बंद केला, बॅटरी मध्येच संपली, तर कधी कधी नुकत्याच लिहिलेल्या फाइली शून्य बाइटच्या उरतात. नुसतं ‘निक्स-स्टोअर --व्हेरिफाय’ पाथ आहे की नाही एवढंच बघतं, त्याला हे दिसत नाही. --चेक-कंटेंट्स --रिपेअर जोडा. सगळं स्टोअर वाचून हॅश ताडले जातात, तेव्हा मोठ्या स्टोअरला बराच वेळ लागतो. दुरुस्ती पुन्हा डाउनलोड करून होते, म्हणून नेट असतानाच करा.

जुलैत पाणी तुंबलं, लोकल बंद पडल्या, की अर्धी टीम ठाणे-डोंबिवलीहून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करते. अशा दिवसांची तयारी आधीच करता येते. ऑफिसात एका लिनक्स मशीनवर निक्स-सर्व्ह ठेवा (पोर्ट ५०००), म्हणजे त्या मशीनच्या स्टोअरमध्ये असलेले पाथ इतरांना तिथूनच मिळतात. लॅपटॉपवर कनेक्ट-टाइमआउट ५ आणि फॉलबॅक ट्रू ठेवा, नाहीतर घरी असताना ऑफिसचं मशीन शोधण्यात प्रत्येक आज्ञा ताटकळत राहील. पेन ड्राइव्हवर न्यायचं असेल तर ‘निक्स कॉपी --टू’ला फाइल:// चा पत्ता द्या. निक्स-स्टोअर --एक्स्पोर्ट एकच सलग फाइल बनवतं, आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीला ती तुटते. घरून सर्व्हरवर पाठवताना निक्स-कॉपी-क्लोजरला -एस द्या. मग सर्व्हर जे मिळेल ते कॅशे.निक्सओएस.ऑर्गवरून स्वतः घेतो आणि तुमच्या कनेक्शनवरून फक्त तुमची बिल्ड जाते.

टीम विखुरलेली असेल तर एस३ बकेट (ॲमेझॉनच्या क्लाउडमधली साठवणीची जागा) बरी. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, त्याचं नाव एपी-साउथ-१. पत्त्यात रीजन लिहिलं नाही तर निक्स यूएस-ईस्ट-१ धरतं आणि चूक कळायला वेळ लागतो. पत्ता अवतरणचिन्हांतच लिहा: रीजन, कॉम्प्रेशन, सीक्रेट-की हे सगळं अँपरसँडने जोडलेलं असतं, आणि अवतरण नसेल तर शेल तिथेच आज्ञा तोडतो. मग सीक्रेट-की गळते, पाथ अपलोड होतो पण सहीशिवाय, आणि समोरचा लॅपटॉप विश्वासू कीची सही नाही म्हणून नाकारतो. पुन्हा कॉपी करून उपयोग नाही, कारण पाथ तिथे आधीच आहे. ‘निक्स स्टोअर साइन’ला --स्टोअरमध्ये बकेटचा पत्ता आणि --रिकर्सिव्ह देऊन सही चढवा. बकेट खाजगी असेल तर ॲमेझॉनची क्रेडेन्शियल्स रूट युजरच्या होममध्ये हवीत. डाउनलोड डीमन (मागे रूटच्या नावाने चालणारी निक्सची सेवा) करतो, तुम्ही नाही.

नवा पाथ चढवला आणि सहकाऱ्याला तो दिसत नाही, हे बहुधा सहीचं प्रकरण नसतं. त्याने आधी विचारलं तेव्हा पाथ नव्हता, आणि ‘नाही’ हे उत्तर निक्स ३६०० सेकंद लक्षात ठेवतं. तासभर थांबा किंवा त्या एका आज्ञेला --ऑप्शन नॅरइन्फो-कॅशे-निगेटिव्ह-टीटीएल ० जोडा.

बकेटला मात्र जीसी नाही, कारण तिथे रूटच नाहीत. कोण काय वापरतंय हे एस३ला माहीत नसतं. म्हणून ‘९० दिवसांपेक्षा जुनं ते पुसा’ असा लाइफसायकल नियम लावू नका. जीलिबसीसारखे (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सी लायब्ररी) पाथ पहिल्या दिवशी एकदाच चढतात आणि कालच्या बिल्डलाही तेच लागतात. नियम नेमके तेच उडवतो. शिवाय ‘आहे’ हे उत्तर लॅपटॉप ३० दिवस धरून बसतात, त्यामुळे फाइल गेल्यावरही ती मागत राहतात. निक्सपॅकेजेसची (निक्सच्या पॅकेजांच्या संग्रहाची) स्थिर आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये. प्रत्येक आवृत्तीला वेगळी बकेट ठेवा, सगळी मशीन पुढच्या आवृत्तीवर गेल्यावर जुन्या बकेटचं नाव लॅपटॉपच्या सबस्टिट्यूटर्समधून (तयार पाथ कुठून आणायचे त्या पत्त्यांच्या यादीतून) काढा, आणि महिनाभराने ती बकेट आख्खी पुसा.