शेपूट काही थांबेना

जुन्या फोटोंतली माणसं कायम रागावल्यासारखी का दिसतात, तर बिचाऱ्यांना हलायची सोय नव्हती. 1839 साली पॅरिसमध्ये डॅगेरोटाइप या धातूच्या पत्र्यावर फोटो काढायच्या पद्धतीची घोषणा झाली तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. पुढे पत्र्यानं प्रकाश टिपावा म्हणून वापरायच्या आयोडिनच्या जोडीला ब्रोमिन आलं, काम सेकंदांवर आलं. तरी स्टुडिओत माणसाच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावून ठेवत. हे कुत्र्याला लावून बघा!

तरीही लोक हौसेनं कुत्री घेऊन जात. फोटोग्राफरचा खटाटोप बघा. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा लखलखेपर्यंत घासायचा. मग त्याला आयोडिनची धुरी द्यायची. कॅमेऱ्यात पत्रा, समोर कुत्रा, आणि भिंगावरचं झाकण काढायचं. नंतर तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं (त्या वाफा पोटात किती जात असतील, कल्पनाच करवत नाही). एवढं करून शेपूट हललंच, तर त्या जागी नुसता धुरकट पट्टा. निगेटिव्ह नसायचीच; घासा नवा पत्रा.

मी या फोटोंत आधी मालकांचे हात बघते. मांडीवरच्या कुत्र्याच्या गळ्याशी टेकलेली बोटं लांबून कुरवाळल्यासारखी वाटतात. नीट पाहिलं की कळतं, पकड चांगली घट्ट आहे. लोखंडी आधाराचं काम इथं मालकाकडे आलंय! आणि एवढं करून साहेबांचा कोट बटणासकट स्पष्ट, कुत्र्याचे कान मात्र पुसट.

त्यापेक्षा जनावर झोपलेलं बरं. 1852 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या ओबेश या पाणघोड्याचा फोटो निघाला, तोही स्वारी आडवी झालेली असतानाच.

काचेवरची निगेटिव्ह आली, कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या, आणि धंदा सुरू झाला. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या हॅरी पॉइंटर यांनी 1870च्या दशकात मांजरांचे फोटो विकायला काढले. सुरुवातीला दूध पिणारी, टोपलीत झोपलेली साधी मांजरं. मग तीनचाकी सायकलवर बसवलेली, चहाला जमलेली, खाली नववर्षाच्या शुभेच्छा. लोकांना ती फार आवडली. मला नाही. मांजरानं शुभेच्छा कशाला द्यायच्या? तिनं कॅमेऱ्याकडे पाठ करून निघून जावं, आणि फोटोग्राफरनं पुन्हा तयारीला लागावं.