रात्री आठनंतर फोन कुणाला करायचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पंचायत कचेऱ्यांत भिंतीवर एक छोटी पेटी दिसते. भारतनेटची, म्हणजे पंचायतींपर्यंत ब्रॉडबँड नेणाऱ्या केंद्राच्या योजनेची. तिच्यावरचा दिवा हिरवा झाला की गाव ब्रॉडबँडला जोडलं गेलं, असं कागदावर धरतात. मी या पट्ट्यात फायबरची, म्हणजे उजेडावर नेट वाहणाऱ्या काचेच्या तारेची, जोडणी आणि दुरुस्ती करतो. आधी केबल टीव्हीचा धंदा होता, आता त्याच वाटांनी फायबर ओढतो. दिवा हिरवा असणं आणि घरात नेट असणं यांत केवढं अंतर असतं, ते मला रोज दिसतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला एका गावानं या अंतराचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. त्या दिवसाबद्दल हे लिहितोय.

गाव जांबोटीच्या पुढे, चोर्ल्याच्या वाटेवर. झाडी दाट, आणि पाऊस असा की चार महिने कपडे वाळत नाहीत. घरात मराठी, दप्तर कानडी. मोबाईलला रेंज हवी तर टेकावर जायचं. रोजगार हमीची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवरूनच सक्तीची झाली. कामावरच्या बायाबापड्यांचे फोटो दिवसातून दोनदा काढायचे आणि वर पाठवायचे. फोटो काढून झाले की मेट बाई, म्हणजे मजुरांची हजेरी घेणारी, टेकाकडे निघायची. न गेले फोटो, तर बुडाली मजुरी. ज्यांना नेट म्हणजे करमणूक वाटते त्यांनी ही चढण एकदा चढून बघावी.

पंचायतीपर्यंत फायबर आलं होतं आणि काही काळ चाललंही होतं. उन्हाळ्यात पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना जेसीबीच्या दातात केबल सापडली आणि तुटली. खणणाऱ्याला खाली केबल आहे हे ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना खणाई ठाऊक नव्हती. पेटीतली बॅटरी त्याआधीच बसलेली. मग अर्ज, स्मरणपत्रं, फोन. प्रत्येकजण खरंच बोलत होता की हे माझ्याकडे येत नाही.

अध्यक्षा बाईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं. बाई चाळिशीतल्या, गावच्या सून. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, गोकाककडचे, कानडीत सुरू करून मराठीत संपवणारे, माणूस कामाचा. टेलिकॉमचे इंजिनिअर आले होते. कृषी पत्तीन, म्हणजे शेतकऱ्यांच्या पतपुरवठा सोसायटीचे चेअरमन, शाळेचे हेडमास्तर, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी बाई होत्या. आणि बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री चालवणारे, मूळचे याच गावचे एक कारखानदार. बाई त्यांना भावजी म्हणतात, ते त्यांना वैनी.

पहिला तासभर कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. ज्यानं त्यानं आपली हद्द सांगितली. इंजिनिअर म्हणाले, तालुक्यापासून या पेटीपर्यंतची लाइन आमची, पुढची नाही. पीडीओ म्हणाले, बॅटरीसाठी माझ्याकडे लेखाशीर्ष नाही. मी म्हटलं, घरापर्यंत मी नेतो, पण वीस घरं तरी पैसे भरणारी पाहिजेत, नाहीतर पावसात खांबावर चढायला पोरगा कुठून आणू?

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे सगळं बरोबर हाय ओ. मला एवढंच सांगा, रात्री आठ वाजता नेट बंद पडलं तर फोन कुणाला करायचा? एक नाव सांगा."

कुणालाच नाव सांगता आलं नाही. इतकी वर्षं या कामात आहे, पण ब्रॉडबँडबद्दल इतका नेमका प्रश्न मोठ्या बैठकांतही कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता.

मी तेव्हा कित्तूरची गोष्ट काढली, कारण ती आमच्याच जिल्ह्यातली आहे आणि पोरांना कुणी सांगत नाही. सॅम पित्रोदांनी १९८४ साली सी-डॉट ही सरकारी टेलिकॉम संशोधन संस्था उभी केली आणि तिथं बनलेलं १२८ पोर्टांचं पहिलं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज १९८६ मध्ये कित्तूरला बसलं. परदेशी एक्स्चेंजला गार खोली लागायची. हे यंत्र आपल्या उकाड्यात, धुळीत, एसीशिवाय चालावं म्हणून घडवलं होतं. पुढे गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. तार सरकारची, दुकान माणसाचं. फोन बिघडला की बूथवाल्याची त्या दिवसाची कमाई जायची, म्हणून तो एक्स्चेंजच्या दारात जाऊन बसायचा. सरकारनं पाया घातला आणि गावातल्या कुणाचं तरी पोट त्यावर अवलंबून राहिलं, म्हणून ते टिकलं, असं माझं ठाम मत आहे. भारतनेटमध्ये वापरलेलं जीपॉन तंत्रही, म्हणजे एका फायबरवरून अनेक ठिकाणं जोडायचं तंत्र, सी-डॉटनंच विकसित केलं. पण २०११ साली योजना मंजूर झाली तेव्हा सगळं लक्ष अडीच लाख पंचायतींच्या आकड्यावर राहिलं, पंचायतीच्या उंबऱ्यापुढच्या माणसावर नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. आता केबल एका रेषेत न नेता रिंग करायची, म्हणजे एकीकडे तुटली तर दुसरीकडून सिग्नल येईल, आणि घरजोडणीचं काम गावातल्या उद्यमीला देऊन उत्पन्न निम्मं-निम्मं वाटायचं. ही दिशा बरोबर आहे. रिंग आमच्या डोंगरात येईल तेव्हा येईल, माणूस मात्र आज नेमता येतो.

इंजिनिअरांनी मान डोलावली. एवढा वेळ गप्प असलेल्या भावजींनी तोंड उघडलं.

ते म्हणाले, उद्यमबागेत आता गिऱ्हाईक कागदावर ड्रॉइंग देत नाही, त्रिमिती फाइल पाठवतो. पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्याचं, डिझाइन करायला पोरं मिळत नाहीत, आणि गावातली आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं पुण्याला खोली भाड्यानं घेऊन राहतात. हत्तरगीला अरविंद मेळ्ळिगेरींच्या एकस कंपनीचा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, उभा राहिला, तिथून एअरबस-बोईंगला भाग जातात. असलं काम बेळगावात होतं हे सिद्ध झालंच आहे. सरकारही बेंगळुरूच्या बाहेर बघा म्हणतंय, हुबळी-धारवाड-बेळगाव असा पट्टाच धरलाय. "मग माझं डिझाइनचं टेबल माझ्याच गावात का नको? सोलर आणि बॅटरी मी देतो. दान म्हणून न्हवे वैनी, मला इथं दोन पोरं बसवायचीत."

हे मला फार आवडलं. उपकार म्हणून दिलेली बॅटरी तीन वर्षांनी बसते आणि पुन्हा मागायला लाज वाटते. ज्याचं काम अडतं तो स्वतः बदलतो.

त्यानंतर भराभर ठरलं. सोसायटीची पक्की खोली यंत्रांना मिळाली. इंजिनिअरांनी मुख्य लाइनची तक्रार थेट कुणाकडे जाईल ते नाव आणि नंबर लिहून दिला. गावातला आयटीआय झालेला एक पोरगा देखभालीला, प्रत्येक कनेक्शनमागे त्याचा वाटा. खणाईचा मुद्दा पीडीओंनी उचलला. खणण्याआधी खालच्या केबलींच्या मालकांना कळवण्यासाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आहे. पंचायत परवानगी देण्याआधी ती नोंद बघेल, असा ठरावच घालतो म्हणाले. आठनंतर कुणाला फोन करायचा, तर आधी त्या पोराला, मग मला. बाईंनी दोन्ही नंबर कचेरीच्या दारावर रंगवायला सांगितले.

दुपारी आम्ही केबलच्या मागे लागलो. ओटीडीआर लावला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाश सोडतं आणि परतलेल्या उजेडावरून तुटलेली जागा किती अंतरावर आहे ते सांगतं. बोट ठेवलं तिथंच, ओढ्याच्या अलीकडे, चिखलात टोकं निघाली. एवढ्यात पाऊस. फायबर १२५ मायक्रॉन जाडीचं, साधारण केसासारखं, त्यावर पाण्याचा थेंब की धूळ, जोड वाया. दोन पोरांनी ताडपत्री धरली, तिसऱ्यानं छत्री, आणि केबलमधले २४ कोअर, म्हणजे सुटे फायबर, एकेक करून जोडले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, रंगांचा क्रम चुकवायचा नाही. शेवटचा जोड होईतो माझ्या पाठीला कळ लागली होती. कचेरीत पोचणारा उजेड मोजला, पॉवर मीटरनं उणे २१ डीबीएम दाखवलं. उणे २७ पर्यंत यंत्र पकडतं, म्हणजे उजेड वाटून देणारा स्प्लिटर लावून घरं जोडायला अजून थोडी जागा होती, पण फार नाही. म्हणून सोसायटीत वेगळं यंत्र बसवून तिथूनच पुढे घरं जोडायची असं ठरलं.

पहिली जोडणी कुणाची यावर वाद झाला. चेअरमन म्हणत होते सोसायटी, हेडमास्तर म्हणत होते शाळा. बाईंनी उपकेंद्र सांगितलं. संध्याकाळी आरोग्य अधिकारी बाईंनी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ला सेवेवर, डॉक्टर लावला. समोर एक म्हातारी, पायाला बरी न होणारी जखम. डॉक्टरांनी कॅमेरा जवळ न्यायला लावला, साखर तपासायला सांगितली, औषध बदललं. एरवी याच कामाला खानापूरची बस, आणि दिवस मोडला असता.

आता तिथं घरांत कनेक्शनं आहेत आणि भावजींच्या टेबलावर दोघं काम करतात. पावसाळ्यात दोनदा लाइन गेली, दोन्ही वेळा त्या पोराचाच फोन मला आला. शेजारच्या पंचायतीनं ठरावाची झेरॉक्स नेली आहे. भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांकडे मात्र खांब नाहीत, चर खणायला वनखात्याची परवानगी लागते. तिथल्या पोरांना टेकही नाही. पुढच्या बैठकीला वनखात्याचा माणूस बोलवायला मी बाईंना सांगितलंय. पत्र त्यांनी पाठवलंय.