आयरिश खापरपणजीचं गाव शोधताना

बायकोचं माहेर बॉस्टनचं, मूळ आयरिश. तिची खापरपणजी ब्रिजेट सलिव्हन 1885च्या सुमारास अमेरिकेत आली. ती नेमकी कुठली, एवढंच मला शोधायचं होतं. घरात माहिती एकच: 'काउंटी कॉर्क', म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा. तिथे सलिव्हन आडनाव म्हणजे आपल्याकडचं पाटील, जिकडेतिकडे. नुसत्या काउंटीवर आयरिश नोंदींत शिरलात तर महिने जातील. आधी अमेरिकेतले कागद संपवायचे आणि त्यांतून निदान पॅरिश (एका चर्चचा विभाग), जमल्यास टाउनलँड काढायचं. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला भाग, आपल्या वाडीसारखा. असे साठ हजारांवर आहेत आणि एकच नाव अनेक काउंट्यांत सापडतं.

जहाजाच्या याद्यांवर फार भिस्त ठेवू नका. त्या काळच्या यादीत नाव, वय, धंदा, देश, बस्स. जन्मगाव आणि मागे राहिलेल्या नातलगाचा पत्ता 1907च्या सुमारास यायला लागला. एलिस आयलंड, म्हणजे न्यू यॉर्कचं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र, तर उघडलंच 1892मध्ये. तिथल्या कारकुनाने आडनाव बदललं ही घरोघरची दंतकथा. यादी निघतानाच्या बंदरात भरली जायची. आडनावाआधीचा 'ओ' बहुधा आयर्लंडमध्येच गळलेला असतो, म्हणून सलिव्हन आणि ओ'सलिव्हन दोन्ही शोधावे. ब्रिजेट अमेरिकेत पुष्कळदा 'डेलिया' होते, तेही लक्षात ठेवा.

नागरिकत्वाचे कागदही निराश करतात. सप्टेंबर 1906पूर्वी ते स्थानिक कोर्टांत होत आणि गावाच्या जागी बहुतेक वेळा फक्त देश लिहिलेला असे. शिवाय लग्न झालेल्या बाईला नागरिकत्व नवऱ्यामुळे मिळे, तिचा वेगळा अर्ज नसेच. मॅसॅच्युसेट्सच्या मृत्यूनोंदीत आईवडिलांची नावं मिळाली, ती पुढे कामी आली. पॅरिश मात्र सापडला तिच्या धाकट्या भावाच्या चर्चमधल्या लग्ननोंदीत: स्किबरीन. भावंडं, साक्षीदार, बाप्तिस्म्याचे धर्ममातापिता, सगळ्यांचे कागद काढा. माणसं गाववाल्यांना धरूनच राहत.

आता आयर्लंड. 1922मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं दफ्तर जळलं, जुन्या जनगणना त्यात गेल्या. 1881 आणि 1891च्या तर सरकारने आधीच लगद्यात घातल्या होत्या. पूर्ण उरल्या 1901 आणि 1911च्या, ऑनलाइन फुकट. जन्मनोंदणी 1864पासून, शंभर वर्षांपूर्वीचे जन्म फुकट पाहता येतात. कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं साधारण 1880पर्यंतची नॅशनल लायब्ररीच्या साइटवर आहेत, पुष्कळदा लॅटिनमध्ये: जेम्सचा 'याकोबुस', ब्रिजेटची 'ब्रिगिडा'.

इथे एक गंमत. सरकारी नोंदीत ब्रिजेटचा जन्म 2 मे 1866, बाप्तिस्मा 18 मार्चचा! चूक कोणाचीच नाही. तीन महिन्यांनंतर जन्म नोंदवला तर दंड होता, म्हणून लोक तारीख पुढे ढकलत. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी. वयाचंही तसंच. तिचे वडील 1901मध्ये 58 वर्षांचे, 1911मध्ये 72. मधे 1909ला सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं होतं आणि 1864पूर्वीच्या माणसाकडे जन्मदाखला कुठून असणार! अशा घरात 1901चं वय जास्त भरवशाचं.

माणूस तोच आहे याची खात्री जमिनीवरून होते. ग्रिफिथ व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे करासाठी झालेल्या जमिनीच्या सरकारी आकारणीत (1847–64), कुटुंबप्रमुखाचं नाव, टाउनलँड आणि नकाशावरचा क्रमांक असतो. आमच्या नोंदीत तिथे ब्रिजेटच्या आजोबांचं नाव होतं. त्यापुढच्या फेरतपासणीच्या वह्यांत दर फेरीचे बदल वेगळ्या रंगाच्या शाईत केलेले असतात. आजोबांचं नाव निळ्या शाईने खोडलेलं, वर ब्रिजेटच्या वडिलांचं, आणि शेजारी त्याच निळ्यात वर्ष. क्रमांक ग्रिफिथमधलाच.